दोन मोटारी आणि एक वावर

दिवाळी अंकात समीक्षकाने काय करावे, याचा एक पाठ ठरून गेलेला आहे. वर्षभरातली दोन पुस्तके समोरासमोर बसवायची, एकाची पाठ थोपटायची, दुसऱ्याचा कान धरायचा आणि सणासुदीचे दिवस म्हणून शेवटी दोघांच्याही हातावर करंजी ठेवून वाटेला लावायचे. ही चाकरी मी पुष्कळ वर्षे इमानाने केली. यंदा मात्र माझ्यापुढे दोन पुस्तके नाहीत, दोन मोटारी आहेत. संपादकांनी भुवया उंचावल्या असतील; वाचकांनी उंचावू नयेत. एखादी वस्तू माणसाने मन लावून घडवली असेल, तिला घाट असेल, लय असेल आणि ती हाताळणाऱ्याच्या मनात काही हलवीत असेल, तर तिची समीक्षा करायला हरकत कसली? आणि या खेपेला माझ्या मताला, कधी नव्हे ती, रोख किंमत आहे.

ती अशी. माझा पुतण्या इंग्लंडात इंजिनिअर आहे. माझे थोरले बंधू, आमचे दादा, तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या वाट्याचे तीन एकरांचे वावर पोहरादेवीच्या शिवारात होते. पुतण्या काही परत येऊन शेती करणार नव्हता. वावर शेजाऱ्यानेच घेतले, व्यवहार चोख झाला, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्या पैशांतून एक जुनी मोटार घ्यायची असे जेव्हा त्याने कळवले, तेव्हा मी चष्मा काढून पुसला. त्या वावरातल्या विहिरीवर आमच्या लहानपणी मोट चालत असे. आता मोटेच्या वावराची मोटार होणार!

पत्रात पुढे होते : "काका, दोन गाड्या नजरेत आहेत. दोन्ही साठीच्या दशकातल्या, दोन माणसांच्या, उघड्या टपाच्या. एक एम्. जी. बी., दुसरी लोटस एलान. एम्. जी. घेतली तर बाबांच्या पैशांतले निम्म्याहून जास्त उरतील. लोटस घेतली तर सगळे जातील. तुम्ही जूनमध्ये येताच आहात. दोन्हींत बसा, चालवा आणि तुम्ही पुस्तकांचं करता तसं करा. मी तुमचं ऐकेन."

समीक्षकाला आयुष्यात असे वाक्य क्वचितच ऐकायला मिळते. मी गेलो, बसलो, चालवले. आता करतो.

*

परंतु आधी माझा अधिकार काय, हे सांगितले पाहिजे. आम्ही बंजारे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखच्या मुलूख ओलांडणारे तांडे हे आमचे पूर्वज. त्या व्यवहाराला आम्ही लदेणी म्हणतो. फौजांना रसद पोचवली ती त्यांनीच. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली, पक्के रस्ते आले, आणि लदेणी बसली. तांडे माळरानांवर स्थिरावले, बैलांच्या पाठीवरच्या गोण्या उतरल्या आणि त्यांच्या मानेवर जू आले. पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांची समाधी आहे, जगदंबेचे देऊळ आहे. रामनवमीला देशभरचे बंजारे तेथे लोटतात. २०२४ साली तेथे नगाऱ्याच्या आकाराचे मोठे संग्रहालयही उभे राहिले. पण माझ्या मनातली पोहरादेवी म्हणजे कथेकऱ्यांच्या तोंडून ऐकलेला महाराजांचा तोळाराम घोडा. ज्या समाजाने आपल्या संताच्या घोड्याचे नाव विसरू दिले नाही, त्याला वाहनाला स्वभाव असतो हे शिकवावे लागत नाही.

शिवाय तरुणपणी मी शंकरपटात छकडी हाकली आहे. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : पट म्हणजे बैलजोडीची सरळ, आखलेल्या वाटेवरची शर्यत. छकडी इतकी हलकी, की तिला गाडी म्हणणे म्हणजे काडीला सोटा म्हणणे. तिच्यावर एकटा धुरकरी, हातात कासरा, आणि निकाल काही सेकंदांत. हा खेळ सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंद केला, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर पुन्हा सुरू होऊ दिला, आणि २०२३ साली घटनापीठाने त्याला परवानगी देणारे राज्यांचे कायदे वैध ठरवले. पटात बैलांना पुराणी टोचली जात असे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण धावत्या जोडीचा कासरा ज्याने हातात धरला, त्याला एक गोष्ट कायमची कळते : वाहन बोलते, आणि ते हातांशी बोलते. या लेखातली सारी समीक्षा तेवढ्या एका अनुभवावर उभी आहे.

*

दोन्ही मोटारी एकाच वर्षीच्या, १९६२ च्या. दोन्ही इंग्लंडात जन्मल्या. दोन्हींना चार सिलिंडरांचे एंजिन पुढे आणि गती मागच्या चाकांना. कागदावर पाहाल तर सख्ख्या बहिणी वाटतील. एम्. जी. ची शक्ती सुमारे ९५ अश्व, एलानची सुमारे १०५. दहा घोड्यांच्या फरकासाठी कोणी वावर ओतेल काय? पण आकड्यांच्या कोष्टकात आणखी एक रकाना असतो, आणि घाईचा वाचक तो सोडून पुढे जातो. तो वजनाचा. एम्. जी. चे वजन सुमारे ९२० किलो, एलानचे सुमारे ६८०. म्हणजे एलानमध्ये तीनचार भारदस्त पाहुणे बसवावेत तेव्हा कोठे ती एम्. जी. इतकी जड व्हायची. आणि बसायला तर जागा दोघांचीच! या रकान्यातच दोन्ही मोटारींचे तत्त्वज्ञान आहे.

एम्. जी. बी. ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात होत असे. तिला वेगळी चासी नाही; पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. एंजिन १७९८ घनसेंटिमीटरचे, त्याच कंपनीच्या घरगुती मोटारींत चालणाऱ्या एंजिनाचे भावंड. मागचा आख अखंड, आणि तो तोलून धरायला आपल्या मालमोटारींना असतात तसे कमानपाटे. नवलाचे असे तिच्यात फार थोडे. वापरून सिद्ध झालेल्या वस्तू घेऊन त्यांचा नीटस संसार मांडावा, तशी ही मोटार. लोकांना ती इतकी मानवली, की १९८० च्या ऑक्टोबरात तो कारखाना बंद होईपर्यंत, टपबंद प्रकार धरून, पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. खेळाच्या मोटारीच्या बाबतीत हा आकडा म्हणजे घरोघरी गेलेली पोथीच.

मी ती चालवली ती दुपारची, कुंपणांच्या मधून वळत जाणाऱ्या एका खेड्याच्या रस्त्यावर. तेथेही डावीकडून चालवतात, त्यामुळे म्हाताऱ्याची पंचाईत झाली नाही. उभ्या गाडीत सुकाणूचक्र जड लागते. गाडी चालू लागली की ते हळूहळू हलके होते, जणू नवख्या माणसाशी आधी जरा गंभीरपणे वागून पाहावे. गिअरचा दांडा आखूड आणि खणखणीत. एंजिन गुरगुरत नाही, घुमते. खालच्या गतीपासून ओढ चांगली, त्यामुळे चुकून वरच्या गिअरमध्ये राहिलो तरी तिने आरडाओरडा केला नाही. वळणाच्या ऐन मध्यावर रस्ता खराब लागला, तेव्हा तो अखंड आख मागे एकदा टणकन उडाला. मी दचकलो, गाडी दचकली नाही. जरा बाहेरच्या अंगाला सरकली, सावरली आणि आपल्या वाटेने गेली. पुढच्या वळणाला मी वेग अंमळ जास्त ठेवला. तेही तिने पोटात घातले.

"पोटात घालणे" हाच या मोटारीचा स्थायीभाव. तिच्याजवळ चुकांचा हिशेब नसतो. आपण वाईट चालवतो आहोत हे ती आपल्याला कळू देत नाही, आणि म्हणून तिच्या सहवासात माणूस खुश असतो. हा गुण क्षुद्र मानू नये. काही माणसे अशी असतात, की त्यांच्या बैठकीत आपण एरवीपेक्षा बरे बोलतो. उठून आल्यावर कळते, की बोलणे आपले तसेच होते, ऐकणारा मोठा होता.

तिचे उणे एकच, आणि ते अंगात मुरलेले : गंज. अंग हाच सांगाडा असल्यामुळे दाराखालच्या पट्ट्या गंजल्या, की घराच्या खांबालाच वाळवी लागली असे समजावे. पण तिच्यासाठी जवळजवळ सगळे सुटे भाग आजही मिळतात. १९८८ पासून तर तिचे पत्र्याचे अख्खे अंग नवे करून देतात. मरण टाळण्याची एवढी सोय फार थोड्या देहांना असते.

*

एलानकडे वळतो. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन हा वजनाचा शत्रू. शक्ती वाढवण्यापेक्षा भार काढून टाकावा, म्हणजे गाडी धावतेही, वळतेही आणि थांबतेही, असा त्याचा सिद्धान्त. छकडी सुताराकडून करून घेणाऱ्या आमच्या कोणत्याही धुरकऱ्याने त्यावर मान डोलावली असती. एलानच्या मधोमध पोलादी पत्र्याचा एक कणा आहे. तो दोन्ही टोकांना दुभंगतो. पुढच्या बेचक्यात एंजिन, मागच्या बेचक्यात मागच्या चाकांची जोडणी. या कण्यावर फायबरग्लासचे अंग नुसते पांघरलेले. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला छकडीची धुरा आणि साटीच आठवली : भार वाहणारे एकच लाकूड, बाकीचे केवळ बसण्यापुरते.

एंजिन १५५८ घनसेंटिमीटरचे. त्याचा खालचा भाग फोर्डच्या साध्या मोटारीतला, पण वरचे डोके स्वतंत्र घडवलेले, दोन कॅमशाफ्टचे. चारही चाके स्वतंत्रपणे वरखाली होणारी, चारींना डिस्क ब्रेक. पुढचे दिवे अंगात मिटलेले; हवेच्या ओढीने ते पापणीसारखे उघडतात, आणि ती ओढ कोठे गळू लागली तर पेंगुळल्यासारखे अर्धे मिटतात. सुकाणूविषयी तर काय सांगावे! मॅक्लारेन एफ वन ही गेल्या शतकातली एक असामान्य वेगवान मोटार. तिचा रचनाकार गॉर्डन मरे याने कबूल केले आहे, की आपल्या मोटारीला एलानसारखे सुकाणू देता आले नाही ही खंत राहिली. जपानच्या माझ्दाने १९८९ साली दोन माणसांची उघडी मोटार काढली, तेव्हा डोळ्यांपुढे एलानच ठेवली होती. एखाद्या लेखकाला वाचक थोडे असतात, पण ते सारे स्वतः लेखक असतात. त्यातला हा प्रकार.

मालकाने मला ती त्याच्या शेतातल्या खासगी रस्त्यावर चालवू दिली. शेजारी पुतण्या. पहिला प्रसंग फजितीचा झाला. मी क्लच सोडला, तशी गाडीने दोनतीन गचके दिले. मागेपुढे, मागेपुढे, हट्टी खोंडासारखे. कारण यांत्रिक आहे. तिच्या मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांना रबराची कडी जोडलेली असतात. पाय घाबरट असेल तर ती पिळतात आणि सुटतात, पिळतात आणि सुटतात. पुतण्या म्हणाला, "काका, पाय एकसारखा ठेवा. तुमच्या मनातलं तिला कळतंय."

मी पाय एकसारखा ठेवला. गचके थांबले. आणि मग, वाचकहो, जे घडले त्याला मी लय म्हणतो. मला वाटले होते, की एवढी हलकी मोटार खडबडीत रस्त्यावर हाडे खिळखिळी करील. उलट तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या. खड्डा येई आणि चाकापाशीच विरघळून जाई. सुकाणूला बोटांनी नुसते सुचवावे आणि तिने वळावे. सुचवणे आणि वळणे यांत सांधाच जाणवेना. रस्त्यावरची वाळू, ओल, गवताची कड, सारे तळहाताला कळत होते. एका वळणावर माझ्या हाताने उगीच एक जास्तीचा हिसका दिला. एम्. जी. ने तो पोटात घातला असता. एलानने तो जसाच्या तसा रस्त्यावर लिहून दाखवला. मी वेडेवाकडे वळलो, आणि वेडेवाकडे वळलो हे मला त्याच क्षणी समजले.

ही मोटार सत्यवादी आहे. ती तुमची चूक वाढवून सांगत नाही, झाकतही नाही. तुम्ही बरे चालवलेत तर तेही तितक्याच नेमकेपणाने सांगते, आणि तो आनंद एम्. जी. च्या आनंदाहून निराळ्या जातीचा असतो. एक आपल्याला बरे वाटू देतो, दुसरा आपल्याला बरे करतो.

तिचे उणेही सांगितले पाहिजे, नाहीतर ही समीक्षा नव्हे, जाहिरात होईल. ती रबरी कडी झिजतात. फायबरग्लास गंजत नसला तरी त्याला बारीक भेगा पडतात, आणि खालचा पोलादी कणा पुढच्या टोकाला गंजतो. दारे पातळ, अंग एवढेसे, मोठ्या मालमोटारीशेजारून जाताना ऊर धडधडते. दर महिन्याला पाने हातात घ्यायची तयारी नसेल तर तिच्या वाटेस जाऊ नये. आणि किंमत सांगितलीच आहे : अख्खे वावर.

*

आता तौलनिक विचार. आपल्याकडे एके काळी फडके आणि खांडेकर यांच्या नावाने एक वाद गाजला : कलेसाठी कला, की जीवनासाठी कला? या दोन मोटारी शेजारी उभ्या पाहिल्या तेव्हा मला हसू आले. तो वाद येथे चाकांवर उभा होता. एम्. जी. जीवनवादी. ती बाजारहाटाला येईल, मागे सामान घेईल, पावसात सुरू होईल, आणि बिघडलीच तर खेड्यातला मिस्त्रीही तिला समजून घेईल. एलान कलावादी. स्वतःच्या घाटापलीकडे तिला कर्तव्य नाही.

परंतु वाद असा सोपा करून चालत नाही. एम्. जी. जवळ कला नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. साध्या, सरधोपट वस्तूंतून प्रसन्न चाल निर्माण करणे ही कलाच. ओवीत ती असते. आणि एलानजवळ जीवन नाही हेही खरे नव्हे. जी वस्तू माणसाला त्याच्या हाताचे खरे स्वरूप दाखवते, तिच्याहून जीवनाच्या जवळचे काय असणार? म्हणून श्रेष्ठ कोण हा प्रश्न मी पुतण्यासाठी निराळा मांडला : ही मोटार तुला कशासाठी हवी? रोजच्या कामाला त्याच्या दारात दुसरी मोटार आहे. म्हणजे ही नांगराला नाही. ही पटाला आहे.

येथवर लिहून मी विमानातच निकाल ठरवला होता. निकाल होता : एम्. जी. घे. पैसे उरतील, त्रास कमी होईल, बायकोलाही निर्धास्तपणे चालवता येईल. सगळी कारणे नीट क्रमाने कागदावर मांडलेली होती. घरी परतलो आणि तो कागद वाचला. वाचता वाचता मला तो ओळखीचा वाटू लागला. असाच एक कागद मी पूर्वी लिहिला होता.

*

ते १९७८ साल. कापसाचे पैसे बरे आले होते आणि आम्हाला बैलजोडी घ्यायची होती. मी नुकताच शिक्षक झालो होतो. घरात शिकलेला म्हणून माझ्या शब्दाला नवी धार होती. बैलबाजारात दोन जोड्यांवर नजर ठरली. एक लाल कंधारी : गडद तांबड्या, भरल्या छातीच्या, डोळ्यांत शांतपणा. दुसरी गवळाऊ : पांढरीशुभ्र, लांबट तोंडाची, आखूड शिंगांची, हाडापेराने हलकी. गवळाऊ ही वर्धा-नागपूरकडची चपळ जात. मराठ्यांच्या काळी झटपट वाहतुकीसाठी ती जोपासली गेली, असे जाणकार सांगतात. दादांचा जीव पांढऱ्या जोडीवर बसला होता.

हेड्याने दोन्ही जोड्या आळीपाळीने छकडीला जुंपून दिल्या. दादा पांढरी जोडी हाकून आले. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे होते ते मी पुन्हा पाहिले नाही. ते काही बोलले नाहीत. कासरा माझ्या हातात दिला. मी बसलो. माझा हात जरा आवळला गेला असेल. उजव्या अंगाचा बैल तेवढ्यावर ताडकन आत वळला, छकडी एका चाकावर आली, आणि मी घाबरलो. तांबड्या जोडीने माझा तोच आवळलेला हात मुकाट्याने सोसला.

रात्री मी कागद घेतला. चारा, नांगर, गाडी, वखर, पुढे विकताना येणारी किंमत. सगळ्या रकान्यांत कंधारी जिंकली. दुसऱ्या दिवशी उपरण्याखाली बोटे धरून सौदा झाला तो तांबड्या जोडीचा. निर्णय चूक होता असे नाही. त्या जोडीने बारा वर्षे आमचे घर ओढले. याडी पोळ्याला त्यांना ओवाळताना रडत असे. आमच्याकडे एकच जोडी परवडत होती, आणि एकच जोडी घ्यायची तर हीच.

पण दादा दर वर्षी पटाला जात आणि दोराला टेकून दुसऱ्यांच्या जोड्या पाहत उभे राहत. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. एकदाच, परत येताना, म्हणाले, "मास्तर, माणसानं पटाला जाताना नांगराचा हिशेब घरी ठेवून जावा."

मी त्या वाक्याला हसलो होतो. आता कळते, की त्या कागदावरचे आकडे खरे होते, पण तो कागद लिहिण्याचे कारण खरे नव्हते. मी घाबरलो होतो. भीती उघडी बरी दिसत नाही, म्हणून मी तिला हिशेबाचे कपडे घातले. आणि चाळीसहून अधिक वर्षांनी, एलानने माझा हिसका रस्त्यावर लिहून दाखवला, तेव्हा मी पुन्हा तेच कपडे शोधून काढले. समीक्षक म्हणून मी किती पुस्तकांना असे केले असेल, कोण जाणे! जे पुस्तक मला माझी चूक दाखवी, त्याला मी "क्लिष्ट" म्हणालो असेन. जे माझी चूक पोटात घाली, त्याला "प्रसन्न".

*

म्हणून मी तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. पुतण्याला कळवले ते येथे तसेच देतो :

"एकच मोटार ठेवणार असशील तर एम्. जी. घे, आणि मी काही म्हणालो होतो हे विसरून जा. पण तुझ्या दारात कामाची मोटार आहे. ही मोटार तुला कशाला हवी, हे तू मला सांगितले नाहीस. मला वाटते ते मला ठाऊक आहे. तेव्हा एलान घे. मात्र घेण्याआधी तिचा कणा जाणत्या मिस्त्रीकडून खालून तपासून घे, रबरी कडी आधी बदलून घे आणि बायकोला एकदा चालवून पाहू दे. तिचा हात तुझ्यापेक्षा शांत आहे. पैसे सगळे जातील. वावर गेलेच आहे, आता त्याचे अर्धे फळ हातात ठेवून काय करशील? एम्. जी. तुला बरा चालक समजून चालेल. एलान तुला बरा चालक करील. गचके बसतील तेव्हा तिला दोष देऊ नकोस, पाय पाहा."

त्याचा फोन आला तो नवरात्रात. इकडचेतिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "काका, बाबांना कुठली आवडली असती?"

मी म्हणालो, "लोटस."

"नक्की?"

"नक्की. पण मी बरोबर असतो तर त्यांना एम्. जी. च घ्यावी लागली असती."

तिकडे तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, की कणा तपासून झाला आहे, पुढच्या टोकाला थोडे काम निघाले आहे, मालक तेवढी किंमत कमी करतो आहे; दिवाळीनंतर गाडी घरी येईल. रंग पांढरा आहे. रंगाविषयी मी त्याला काही सांगितले नव्हते.